जीप भरेपर्यंत

माणसाच्या रक्तात न्यूट्रोफिल नावाची पांढरी पेशी असते. तिचं केंद्रक एकसंध नसतं. तीन, चार, कधी पाच गाठी आणि त्यांना जोडणारा बारीक धागा असा त्याचा आकार. रंग दिल्यावर ते जांभळं दिसतं. पेशी साधारण बारा मायक्रॉनची. एका मिलिमीटरमध्ये अशा ऐंशी मांडून वर थोडी जागा उरेल. ती मरायला लागली की धागे आत ओढले जातात, गाठी एकमेकींत मिसळतात आणि शेवटी एक गोल, गर्द, गुळगुळीत थेंब उरतो. कधी दोन थेंब असतात, पण त्यांच्यामध्ये धागा नसतो. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुन्हा चूक होत नाही. मी अशा तीस हजार पेशी मोजल्या. प्रत्येक स्लाइडवर शंभर, अशा तीनशे स्लाइडी. त्यातल्या एका स्लाइडबद्दल मी तेरा महिने गप्प होते.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत यवतमाळ जिल्ह्यात अभ्यास करायला कोण आलं नाही, हे सांगणं सोपं आहे. अर्थशास्त्राचे लोक आले, मनाचे डॉक्टर आले. एक पथक शेतकऱ्यांना स्वप्नं काय पडतात ते विचारून गेलं. दुसरं विहिरींचे फोटो काढून गेलं, पाण्याचं काय ते न विचारता. २००६च्या पावसाळ्यात मोठे सर आले, पेशी मोजायला. ते बाहेरच्या एका संस्थेत प्राध्यापक होते. त्यांना सगळे 'मोठे सर' म्हणत, तेही स्वतःला फोनवर जवळपास तसंच म्हणत. दारव्ह्यात त्यांनी दोन खोल्यांची प्रयोगशाळा थाटली. मी अमरावतीहून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून घरी आले होते. माझ्याएवढी शिकलेली आणि माझ्याइतकी कमी बोलणारी दुसरी कोणी त्यांना तालुक्यात सापडली नाही. मला नोकरी मिळाली.

सरांचं म्हणणं असं होतं, की कापसावर फवारणी करणाऱ्या माणसाच्या रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी विषामुळे वेळेआधी मरतात. फवारणीनंतर उलट्या होतात, डोळ्यांची आग होते, हात थरथरतात, हे गावातल्या कोणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारून कळलेल्या गोष्टीचा शोधनिबंध होत नाही. पहिल्याच महिन्यात मी त्यांना लिहून कळवलं, की साठ फवारणाऱ्यांपैकी एकाकडेही हातमोजे नाहीत, आपण देऊ या. उत्तर आलं: मध्येच हातमोजे दिले तर नमुना बिघडेल.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. न्यूट्रोफिलचं मरणं हा आजार नाही. ती पेशी मरण्याचा हुकूम घेऊनच हाडांच्या पोकळीतून बाहेर पडते. निरोगी माणसाच्या शरीरात रोज जवळपास दहा हजार कोटी नव्या तयार होतात आणि तितक्याच जुन्या शांतपणे संपतात. कुठे जंतू शिरले तर तिथून निरोप येतो आणि तिची मुदत थोडी वाढते. जंतू संपले, निरोप थांबला, की जुना हुकूम पुन्हा लागू. ती आक्रसते, आपल्या अंगावर एक खूण वर आणते, आणि ती खूण ओळखणारी दुसरी मोठी पेशी तिला गिळून टाकते. आवाज नाही, घाण नाही. ती वेळेवर मेली नाही तर तिच्या पोटातला दारूगोळा फुटतो आणि ज्या शरीरासाठी ती लढली त्यालाच जाळतो. मुदत संपल्यावर निघून जाण्याची ही अक्कल बारा मायक्रॉनच्या पेशीत आहे. आमच्या प्रकल्पाला वर्षभराची मुदत होती आणि ती संपल्यावर वाढवून मागायचा अर्ज मी स्वतः टाइप केला होता.

नमुन्यांचं गाव बोरी अरबच्या पलीकडे, आत होतं. सर त्याला 'क्षेत्र दोन' म्हणायचे. 'क्षेत्र एक' म्हणजे दारव्हा. तिथले शिंपी, दुकानदार, मास्तर हे 'न फवारणारे'. ते चालत प्रयोगशाळेत यायचे, मी रक्त घ्यायचे आणि दहा मिनिटांत स्लाइड तयार. मेलेल्या पेशी शंभरात दोन, तीन, फार तर चार. क्षेत्र दोनमध्ये अंकुर नावाचा आमचा सहायक सकाळी सात वाजता, माणसं शेतात जायच्या आधी, रक्त घ्यायचा आणि नळ्यांचा डबा दारव्ह्याला येणाऱ्या जीपमध्ये ठेवायचा. तिथल्या पेशी शंभरात तीस, पस्तीस, अडतीस मेलेल्या.

ती जीप माझ्या मामूंची. हबीब मामू पंधरा वर्षं त्या रस्त्यावर गाडी चालवत होते. नमुने कशाने आणायचे असं सरांनी विचारलं तेव्हा मामूंचं नाव मीच सुचवलं होतं.

आमच्याकडची जीप घड्याळावर सुटत नाही. ती भरली की सुटते. आणि भरली म्हणजे आत चौदा, मागच्या दांडीला तीन, ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, अर्धा दाराबाहेर लटकलेला, एक. हे झाल्याशिवाय मामू किल्ली फिरवत नसत. फवारणीच्या दिवसांत माणसं शेतात असतात, गाडी भरायला दुपारचा एक वाजतो, कधी दोन. तोवर नळ्यांचा डबा सीटखाली, पत्र्याच्या पोटात, उन्हात. डब्यात बर्फ घालायची सोय सरांनी केली होती. पण बर्फ मिळायचा दारव्ह्यात आणि रक्त निघायचं गावात. बर्फ आणि रक्त या दोघांना भेटवणारी जीप एकच. सकाळची गाडी गावात पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं असायचं, आणि ते पाणी अंकुर रेडिएटरमध्ये ओतायला द्यायचा.

रक्त अंगाबाहेर काढलं तरी न्यूट्रोफिलजवळचा हुकूम रद्द होत नाही. नळीत निरोप द्यायला कोणी नसतं. चाळीस-पंचेचाळीस अंशांत सात-आठ तास पडून राहिली की ती जे करायचं ते करते.

हे मला आधी आकड्यांतून दिसलं. बाजाराच्या दिवशी आलेल्या नमुन्यांत मेलेल्या पेशी चार-पाच असायच्या. बाजाराच्या दिवशी मामूंची गाडी पहाटे गावात जाते, रस्त्यावर माणसं आधीच गाठोडी घेऊन उभी असतात, दहा मिनिटांत गाडी भरते आणि साडेआठला डबा माझ्या टेबलावर असतो. तीच माणसं, तीच फवारणी. वार बदलला की पेशी जिवंत.

मी तो तक्ता सरांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि त्यांचे डोळे चमकले. मला वाटलं, कळलं. ते म्हणाले, बाजाराच्या दिवशी शेतकऱ्याचं मन प्रसन्न असतं. मन आणि प्रतिकारशक्ती यांच्या संबंधाचा असा पुरावा त्यांनी आजवर पाहिला नव्हता. त्यावर त्यांनी वेगळा निबंध लिहिला. तो एका परिषदेत वाचला गेला आणि त्याला शाल मिळाली.

तेव्हा मी माझं स्वतःचं रक्त काढलं. तो २००६चा सप्टेंबर. एक स्लाइड दहा मिनिटांत केली: शंभरात दोन. उरलेली नळी डब्यात घालून मामूंच्या गाडीबरोबर गावाला पाठवली आणि दुपारी गाडी भरून आली तेव्हा परत घेतली: शंभरात चौतीस. मी आयुष्यात कधी फवारणीचा पंप पाठीला लावलेला नाही. त्या स्लाइडवर 'क' लिहून मी ती टेबलाच्या खालच्या खणात ठेवली.

सरांना मी एकदा सांगितलं, हळू आवाजात. मी मोठ्याने बोलत नाही. नमुन्यांना पोचायला उशीर होतो आणि त्याचा परिणाम असू शकतो, असं म्हणाले. 'असू शकतो' म्हणायला नको होतं. विज्ञानात ते नम्रपणाचं वाक्य आहे, सरांच्या कानाला ती माघार वाटली. ते म्हणाले, "कहकशां, तू स्लाइड फार सुंदर बनवतेस." मग चहा मागवला. मी पुन्हा विषय काढला नाही. काढला असता तर पहिला प्रश्न आला असता, जीप कोणाची आणि सुचवली कोणी. अम्मी त्या दिवसांत शेजारणींना सांगायची, की आमची मुलगी आणि आमचा भाऊ दोघंही सरकारी कामात आहेत. काम सरकारी नव्हतं. तीही दुरुस्ती मी केली नाही.

प्रत्येक फवारणाऱ्याला त्याचा आकडा छापील कागदावर दिला जाई. 'पेशीमृत्यू: ३८ टक्के.' हा कागद गावात कसा वाचला जाईल याचा विचार कोणी केला नव्हता. भगवानराव सहा एकरांत कापूस आणि तूर घेणारे, उंच, थट्टेखोर गृहस्थ. ते कागद घेऊन प्रयोगशाळेत आले आणि मला म्हणाले, "बाई, माह्ये अडतीस आले. धावजीले इकतीसच भेटले. त्याले म्हनलं, गड्या, पस्तीसले पास असते, तू नापास." हसता हसता ते थांबले आणि विचारलं, बाकीचे बासष्ट किती दिवस पुरतील. मी म्हणाले, रोज नव्या तयार होतात, काळजी करू नका. त्यांनी मान हलवली. त्यांना ते मी धीर देण्यासाठी बोलते आहे असं वाटलं असावं.

पुढच्या वर्षी, २००७ च्या सप्टेंबरात, सरांनी इलाज आणला. पेशी मरतात, म्हणून त्यांचं मरण थांबवायचं. स्टेरॉइडच्या एका गोळीने न्यूट्रोफिलचं मरण लांबतं, हे पुस्तकात आहे. त्याच पानावर त्या गोळीने साखर वाढते, जखम भरत नाही, दुसऱ्या कामाच्या पेशी उलट लवकर मरतात, हेही आहे; पण ते पानाच्या खालच्या बाजूला आहे. सरांनी सर्वांत जास्त आकडा असलेले सहा जण निवडले. भगवानराव पहिले आले. शाळेत कधी पहिला आलो नाही, असं ते अंकुरला म्हणाल्याचं कळलं. त्यांना आधीपासून थोडी साखर होती. निवडीच्या अर्जात त्यासाठी रकाना नव्हता.

पहिले काही दिवस भगवानराव खूश होते. भूक वाढली, अंगात तरतरी आली, गाल भरले. गावात लोक म्हणू लागले, औषध लागू पडलं. दोन आठवड्यांनी त्या सहा जणांचं रक्त पुन्हा घेतलं. ते पुन्हा मामूंच्या जीपमधून आलं. सरासरी छत्तीस टक्के मेलेल्या. ज्या पेशी गोळीने टिकल्या असत्या त्यांनाही सीटखालच्या पत्र्याने सोडलं नव्हतं. सरांनी आकडा पाहून निष्कर्ष काढला: मात्रा कमी पडते आहे. दुप्पट करायची, आणि सहाऐवजी साठही जणांना द्यायची. ऑक्टोबरात दारव्ह्यात मोठा कार्यक्रम करून तशी घोषणा होईल असं ठरलं.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी भगवानरावांच्या पत्नी वच्छलाबाई माझ्याकडे आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"बाई, हे पानीच पानी पेऊन राह्यले," त्या म्हणाल्या. "पायाले वखराची लोखंडी पास लागली थे जखम पंधरा दिवस झाले भरून नाही राह्यली. लोक म्हन्तात गाल भरले. मले तं सुजल्यावानी दिसते."

मी दुसऱ्या दिवशी भगवानरावांना बोलावून बोटाच्या थेंबावर साखर तपासली. चारशे बारा. वच्छलाबाईंना सांगितलं, त्यांना आजच्या आज तालुक्याच्या डॉक्टरांकडे न्या. गोळी एकदम बंद करू नका, डॉक्टर सांगतील तशी उतरवा. ती दोघं गेली. संध्याकाळी सरांना फोन करून मी आकडा सांगितला. ते म्हणाले, साखरेचा प्रश्न आपल्या प्रकल्पाच्या कक्षेत येत नाही.

तिसऱ्या दिवशी वच्छलाबाई परत. डॉक्टरांनी मात्रा कमी करत आणायला सांगितली होती, साखरेची सुई सुरू करायला सांगितली होती. भगवानराव ऐकत नव्हते. मोठ्या सरांनी आपल्याला निवडलं आहे, आता तर दुप्पट देणार आहेत, म्हणजे काहीतरी विचार केलाच असेल, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर तालुक्याचा, सर बाहेरचे.

"तू सांग त्यायले," वच्छलाबाई म्हणाल्या.

मी विचारलं, काय सांगू.

"जे असन थे."

त्या दुपारी मी स्टँडवर गेले. मामू जीपचं बॉनेट उघडून आत वाकले होते. मामू घरात आमची बोली बोलतात, पण स्टँडवर त्यांच्या तोंडी वऱ्हाडीच असते. मी त्यांना सगळं सांगितलं, शक्य तितक्या सोप्या शब्दांत. नळ्या उशिरा येतात, उन्हाने आतल्या पेशी मरतात, आणि सर त्या मेलेल्या पेशींवर माणसांना गोळ्या देत आहेत. मामूंनी हात पुसले.

"म्हंजे येवढे दिवस मी मुर्दे वाहून राह्यलो का?" ते म्हणाले. "अन् मी बायांले सांगत होतो, डब्यावर पाय नोका ठेवू, आत इलाज हाय."

मी म्हणाले, हे बाहेर आलं तर लोक तुमच्या गाडीला नाव ठेवतील.

"बेटा, माही जीप भरल्याबिगर हालत नाही हे साऱ्या तालुक्याले मालूम हाय. एक तुह्या सरलेच नाही. तुले मालूम होतं, तू बोलली नाही. यात जीपचा काय गुन्हा?" बॉनेट खाली आपटून त्यांनी ते नीट बसलं का पाहिलं. मग नेहमीच्या आवाजात विचारलं, अम्मीचा गुडघा कसा आहे.

प्रयोगशाळेत परत येऊन मी खालच्या खणातली 'क' स्लाइड काढली. तेरा महिन्यांत रंग थोडा उतरला होता. थेंब तसेच होते.

कार्यक्रम मंगल कार्यालयात होता, पत्र्याच्या छपराखाली. पत्रिकेत 'सकाळी ठीक दहा वाजता' असं छापलेलं. सरांनी एक प्रात्यक्षिक योजलं होतं: सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा, कॅमेऱ्याला पडदा. पडद्यावर आधी शेतकऱ्याचं रक्त, मग निरोगी माणसाचं. शेतकरी म्हणून भगवानराव. निरोगी माणूस म्हणून सरांनी कोणाला निवडलं हे सांगायला नको.

भगवानराव सकाळी साडेनऊलाच आले. जीपने नाही, पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, पायाला फडकं गुंडाळून. वच्छलाबाई आधीच एस.टी.ने आलेल्या. सरांच्या सूचनेप्रमाणे मी भगवानरावांचं रक्त घेतलं. वेळ काय ते मी नळीवर नेहमीच लिहिते: नऊ चाळीस. सूचना फक्त रक्त घेण्याची होती, स्लाइड कधी करायची ते सांगितलेलं नव्हतं. मी ती नऊ पन्नासला केली. सव्वादहाला सर व्यासपीठावर आले, बाही वर केली आणि फोटोवाल्यांकडे पाहत म्हणाले, शास्त्रज्ञाने आधी स्वतःचं रक्त द्यावं. दहा वीसला मी त्यांची नळी भरली. लगेच स्लाइड करू का, असं विचारलं. नको, ते म्हणाले. प्रमुख पाहुणे आल्यावर त्यांच्या समोर करू. नळी इथेच, सगळ्यांना दिसेल अशी राहू दे. ती टेबलावर उभी राहिली, दोन हॅलोजन दिव्यांच्या मधोमध.

प्रमुख पाहुणे सकाळी यवतमाळहून निघाले असं कळलं. दुपारी ते निघणार आहेत असं कळलं. मधल्या वेळात निम्मी माणसं जेवायला गेली, आणि सभागृह पुन्हा भरेपर्यंत सुरुवात करू नका असा पाहुण्यांचाच निरोप आला. अंकुर बाहेर उभा राहून रस्त्यावरच्या लोकांना आत बसायला बोलवू लागला. अगदी मामूंसारखा, फक्त त्याला दांडीला लटकवता येत नव्हतं. मी दोनदा नळीकडे गेले. दोन्ही वेळा सरांनी हाताने थांबवलं.

पाहुणे साडेचारला आले. शाली, नारळ, स्वागतगीत. पाचला दहा कमी असताना मी सरांच्या रक्ताची स्लाइड केली, शंभर पेशी मोजल्या आणि आकडा लिहून ठेवला. सर म्हणाले, दोन्ही लाव, मी बोलतो. मी जी हातात होती ती आधी लावली. त्यांनी स्लाइडवरची चिठ्ठी पाहिली नाही. ते पडद्याकडे पाहत होते.

पडद्यावर गोल, गर्द थेंब. एक, दोन, पाच. एकालाही धागा नाही.

"बघा," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर भरून आला. "ही आपल्या अन्नदात्याची अवस्था. या पेशीला जगायची इच्छाच राहिलेली नाही." पुढच्या रांगेतल्या बायका कुजबुजल्या. भगवानराव दुसऱ्या रांगेत बसले होते; लोक वळून त्यांच्याकडे पाहू लागले तसे ते ताठ झाले. मी दुसरी स्लाइड लावली. गाठी, गाठींमध्ये बारीक धागे, सगळ्या जांभळ्या, शाबूत. सरांनी सांगितलं, की ते अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, रोज पहाटे उठतात आणि तेलकट खात नाहीत. टाळ्या पडल्या. मग ते घोषणेकडे आले: आजपासून साठही जणांना औषध, दुप्पट मात्रेत. पहिलं पाकीट प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते भगवानरावांना. त्याआधी आमच्या तंत्रज्ञ आकडे वाचतील.

पाहुण्यांच्या हातात पाकीट आलं. भगवानराव उठले, लंगडत पायऱ्यांपर्यंत पोचले. वच्छलाबाई जागेवरच होत्या. त्या नवऱ्याकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडे पाहत होत्या.

माइक माझ्या हातात आला. तो तोंडापासून किती अंतरावर धरायचा हे मला माहीत नव्हतं. मी जे लिहिलं होतं ते वाचलं.

"पहिली स्लाइड मोठ्या सरांच्या रक्ताची. नळी भरली दहा वीसला, स्लाइड केली चार पन्नासला. मेलेल्या पेशी शंभरात एकतीस. दुसरी भगवानरावांची. नळी नऊ चाळीस, स्लाइड नऊ पन्नास. मेलेल्या पेशी शंभरात तीन."

सर माझ्याजवळ आले आणि हसतच, ओठ न हलवता म्हणाले, चिठ्ठ्या बदलल्या आहेत. मी नळी त्यांच्यासमोर धरली. त्यांचं नाव मोठ्या अक्षरात होतं. सकाळी फोटोत दिसावं म्हणून त्यांनीच तसं लिहायला सांगितलं होतं.

मागून, दाराजवळून, मामूंचा आवाज आला. "सरलेबी जीपमंधी बसवलं का वो?"

आधी ड्रायव्हर लोक हसले, मग बाजूचे. धावजी दुसऱ्या टोकाहून ओरडून म्हणाला, की सरांनाही एकतीसच, म्हणजे सरही नापास. पाहुणे पाकीट धरून उभे होते, ते कोणाला द्यायचं ते त्यांना कळत नव्हतं. भगवानराव पायरीवर एक पाय ठेवून थांबले. सुजलेल्या चेहऱ्यावर हसू यायला जागा नव्हती.

"बाई," त्यांनी मला विचारलं, सरांना नाही. "मंग माह्ये अडतीस?"

सर म्हणाले, माइक इकडे दे. मी दिला नाही. तो जवळ धरायचा असतो हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं.

"भगवानराव, तुमच्या पेशी तुमच्या अंगात मेल्या नाहीत. जीप भरायची वाट पाहताना, उन्हात, नळीत मेल्या. माझ्याही मेल्या होत्या. फवारणीने तुम्हाला त्रास होतो तो खरा आहे आणि त्याला हातमोजे लागतात, गोळी नाही. हे मला तेरा महिन्यांपासून माहीत आहे आणि मी सांगितलं नाही. ते पाकीट घेऊ नका. आहे ती गोळी डॉक्टर म्हणतात तशी उतरवा, साखरेची सुई आजपासून घ्या. बाकीच्या चोपन्न जणांनी ती गोळी सुरूच करायची नाही. आणि जीपमधून आलेलं रक्त मी यापुढे मोजणार नाही."